उसाचा ‘डेमो प्लॉट’: सल्ला पास, पुरावा नापास

सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात कृषी सेवा केंद्रं आता नुसती बाटली विकत नाहीत; तुमच्याच रानात ‘डेमो’ घेऊन दाखवतो म्हणतात. हे परीक्षण मिरज-वाळवा भागातल्या अशाच एका केंद्राच्या ऊस डेमो सेवेचं. केंद्राचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण दुसऱ्या दुकानात गेलात तरी साधारण हाच साचा समोर येतो. निकाल आधीच सांगून टाकतो. औषध कसं, कधी आणि किती द्यायचं हे शिकायला सेवा चांगली आहे. औषधानं टनेज वाढलं का, हे ठरवायला मात्र ती आहे त्या रूपात उपयोगाची नाही. राग येतो तो यासाठी की थोडक्या बदलात ती उपयोगाची होऊ शकते.

आधी चांगलं. एका एकराचं किट फुकट मिळतं: ह्युमिक आणि समुद्रशेवाळाचा अर्क असलेलं द्रावण, १२:६१:०० (१२ टक्के नत्र, ६१ टक्के स्फुरद असलेलं खत) ची पिशवी आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचं पाकीट. दोन आळवण्या (औषधाचं पाणी बुडख्याशी ओतणं), दोन फवारण्या, मजुरी आपली. प्रत्येक वेळी केंद्राचा माणूस रानात हजर असतो आणि ही हजेरी नावापुरती नाही. आळवणी वाफशावरच घ्यायला लावतो, पंपाचं नोझल काढून बुडख्याशी धार धरायला सांगतो, १२:६१:०० आणि कॅल्शियम नायट्रेट एका टाकीत येऊ देत नाही. स्फुरद आणि कॅल्शियम एकत्र आले की साका बसतो आणि दोन्हींचे पैसे पाण्यात जातात, हे त्याला पाठ आहे. नवं मिश्रण असेल तर आधी बाटलीत थोडं कालवून अर्धा तास ठेवून बघायला लावतो. जैव-उत्तेजकं (ह्युमिक, समुद्रशेवाळ अशी वाढीला चालना देणारी द्रव्यं) २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, तेव्हा लेबल वाचा, पक्कं बिल घ्या, बॅच नंबर लिहून ठेवा, हेही स्वतःहून सांगतो. एवढं सगळं कुणी फुकटात करत असेल तर ते घ्यावंच.

गाडी अडते ती शिवारफेरीला. नवव्या-दहाव्या महिन्यात रस्त्याकडेला फलक लागतो, चहा होतो आणि डेमोतला ऊस व बांधापलीकडचा ऊस शेजारी-शेजारी दाखवला जातो. डेमोतला ऊस बहुतेक वेळा खरोखरच जोरकस असतो. पण त्याला तो जोर औषधानं आला की आणखी कशानं, हे त्या मांडणीतून कळायला वाटच नाही.

जागा, जोडीदार आणि किट

डेमो कुठे घ्यायचा हे केंद्राचा माणूस आणि शेतमालक मिळून ठरवतात, आणि तो उठून दिसावा असं दोघांनाही वाटत असतं. म्हणून तो पडतो रस्त्याला लागून, पाटाच्या तोंडाशी. सरीत पाणी सोडणाऱ्याला माहीत असतं की तोंडाकडचा आणि शेवटाकडचा ऊस औषधाविनाही वेगळा असतो. तोंडाशी पाणी जास्त वेळ मुरतं. शेवटाला ते कधी पुरत नाही, कधी साचून बसतं. कृष्णाकाठच्या रानात तर एकाच गट नंबरात वरच्या अंगाला निचऱ्याची जमीन आणि खालच्या अंगाला चोपण, असं सर्रास सापडतं. वरच्या अंगाला डेमो आणि खालच्या अंगाला तुलना, की जमिनीतला फरक औषधाच्या खात्यावर जमा झाला. प्रयोगाच्या भाषेत जमिनीला इथे गुंतागुंत करणारा घटक म्हणतात. दोन कारणं एकाच वेळी बदलली, तर परिणामाचे वाटे पाडता येत नाहीत, मग आकडेमोड कितीही करा.

तुलनेचा जोडीदारही चुकीचा. बांधापलीकडचा ऊस शेजाऱ्याचा असतो. जात तीच असेल, को ८६०३२. पण बेणं कुठलं, लागण किती तारखेची, बाळभरणीला कोणता डोस, पाण्याची पाळी किती दिवसांनी, यातलं काहीच सारखं नसतं. काही वेळा तर तुलना गेल्या वर्षीच्या टनेजशी होते. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात बुडालेल्या रानाची पुढच्या वर्षाशी तुलना केली तर नुसतं पाणी फवारूनही टनेज वाढलेलं दिसेल. नियंत्रण प्लॉट म्हणजे तेच रान, तेच बेणं, त्याच दिवसाची लागण, तेच पाणी, तेच खत. फरक फक्त एका गोष्टीचा. आणि ती एक गोष्ट म्हणजे ‘औषध’ हवी, ‘औषध अधिक पाणी’ नको. आळवणीचं प्रमाण एकरी २०० लिटर असेल तर गुंठ्याला ५ लिटर पडतं. नियंत्रणाच्या गुंठ्यालाही तेवढंच साधं पाणी, त्याच दिवशी, त्याच पंपाने द्यायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही.

किटची रचना आणखी गोंधळ घालते. द्रावण महागडं, पण बरोबर १२:६१:०० आहे. त्याच्या ५ किलोत ६०० ग्रॅम नत्र आणि सुमारे ३ किलो स्फुरद येतं. डेमोला हे मिळालं, शेजारच्या उसाला नाही. ऊस हिरवागार झाला तर शाबासकी कुणाला द्यायची, समुद्रशेवाळाला की स्वस्तातल्या नत्र-स्फुरदाला? केंद्राच्या माणसाचं उत्तर ठरलेलं: ‘पूर्ण किटचा रिझल्ट आहे.’ उत्तर खोटं नाही, पण किटमधली सगळ्यात महाग वस्तू गरजेची आहे का, हा शेतकऱ्याचा प्रश्न त्यात सुटत नाही.

त्यासाठी चार प्रकार लागतात: नुसतं पाणी, नुसतं १२:६१:००, नुसतं द्रावण, दोन्ही. सूक्ष्म अन्नद्रव्यं एकतर चारही प्रकारांना सारखी द्या, नाहीतर कुणालाच नको. इथे घटक दोन, खत आणि द्रावण, आणि प्रत्येकाच्या पातळ्या दोन, आहे आणि नाही. या मांडणीचा फायदा असा की प्रत्येक घटकाचा परिणाम सगळ्या प्लॉटांच्या आकड्यांतून मोजता येतो. शिवाय खत असताना द्रावणाचा परिणाम वाढतो का, म्हणजे दोघांची आंतरक्रिया आहे का, तेही दिसतं. ‘आमचं द्रावण खताची कार्यक्षमता वाढवतं’ हा दावा हाच आहे, आणि तो तपासायला दुसरा मार्ग नाही. दोन प्रकारांच्या साध्या प्रयोगात तो कधीच तपासला जात नाही.

एकदाच केलेला प्रयोग

डेमो एक, तुलना एक. अशा प्रयोगात शेजारच्या दोन तुकड्यांत औषधाविना किती फरक पडतो हेच माहीत नसतं, मग दिसलेला फरक मोठा की लहान हे कशाशी ताडायचं? एकाच रानात, एकच खत-पाणी दिलेल्या दोन गुंठ्यांचं वजन कधीच सारखं भरत नाही. हा जो आपोआप पडणारा फरक, त्याला प्रयोगाची त्रुटी म्हणतात. इथे त्रुटी म्हणजे कुणाची चूक नव्हे. जमीन, बेणं, हुमणी, तोडणी या सगळ्यांची बेरीज. ती मोजायची तर तोच प्रकार अनेक ठिकाणी द्यावा लागतो, म्हणजे पुनरावृत्ती लागते.

सेवेतली सगळ्यात फसवी गोष्ट नेमकी इथे आहे. केंद्राचा माणूस डेमोतले वीस ऊस आणि तुलनेतले वीस ऊस मोजतो, कांड्या आणि जाडी लिहितो आणि ‘वीस नमुन्यांची सरासरी’ सांगतो. त्या वीस उसांनी एकच जमीन, एकच पाणी आणि एकच आळवणी घेतली आहे. ते वीस नमुने नव्हेत, एकाच नमुन्याची वीस मापं आहेत. पुनरावृत्ती मोजायची ती प्रायोगिक एककाची: ज्या तुकड्याला औषध स्वतंत्रपणे दिलं किंवा नाकारलं, तो तुकडा. ठिबकवाल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. व्हेंचुरीतून (ठिबकच्या पाण्यात औषध ओढून घेणाऱ्या नळीतून) औषध सोडलं तर आख्खा व्हॉल्व्ह एक एकक होतो. एका व्हॉल्व्हखाली दहा गुंठे असोत की एकर, पुनरावृत्ती एकच. म्हणून ठिबक असलं तरी प्रयोगातली आळवणी पंपानेच करायची.

किती पुनरावृत्त्या पुरतात? कृषी प्रयोगांत रूढ नियम असा की त्रुटीच्या मुक्त मात्रा, म्हणजे त्रुटी मोजायला उरणारे स्वतंत्र आकडे, किमान बारा असाव्यात. गटवार मांडणीत (सारख्या जमिनीच्या तुकड्यांचा एक गट, त्यात प्रत्येक प्रकार एकदा) ती संख्या म्हणजे प्रकारांतून एक वजा, गुणिले गटांतून एक वजा. चार प्रकार आणि पाच गट घेतले तर ३ × ४ = १२, म्हणजे वीस प्लॉट. दोनच प्रकार असतील तर याच नियमाने तेरा जोड्या लागतील. तेवढं रान नसेल तर सहा जोड्यांच्या खाली उतरू नका, कारण सहाचा एक सोपा हिशोब आहे. औषधाचा काहीच परिणाम नसेल तर प्रत्येक जोडीत कोण जिंकेल हा नाणेफेकीसारखा मामला. सहाच्या सहा जोड्या एकाच बाजूने लागण्याची शक्यता दोन्ही बाजू मिळून ३२ त एक, म्हणजे साधारण ३ टक्के. पाच जोड्यांत ती १६ त एक होते, चारांत ८ त एक. चार जोड्यांचा कौल कितीही एकमुखी असला तरी त्यावर एकराचे पैसे लावावेत इतका पक्का नाही.

असा डेमो मागा

पुढची मांडणी केंद्राला सांगितली तर त्यांचा खर्च वाढत नाही. एका एकराच्या किटमध्ये ती आरामात बसते.

सरी साडेचार फुटी धरू. एक पट्टा सहा सऱ्यांचा, म्हणजे २७ फूट रुंद. ४० फूट लांब घेतला तर १,०८० चौरस फूट, जवळजवळ एक गुंठा. पाटपाणी असेल तर पट्टा आख्ख्या सरीच्या लांबीचाच घ्या. नाहीतर वरच्या तुकड्यात दिलेलं औषध पुढच्या पाळीला सरीतून खाली वाहत जातं आणि नियंत्रण भेसळतं. लागून असलेल्या दोन पट्ट्यांची एक जोडी, हाच एक गट. गट पाडण्याचा हेतू असा की जोडीतले दोघं जमिनीने शक्य तितके सारखे असावेत. एका गटाची जमीन दुसऱ्या गटाहून वेगळी असली तरी बिघडत नाही. चोपणाची कड मध्येच येत असेल तर गटाची हद्द तिथेच टाका, जोडी चिरू नका. जुना उकिरडा, झाडाची सावली, पाइपलाइनचा चर, हे भाग सरळ सोडून द्या.

मग प्रत्येक जोडीसाठी वेगळी नाणेफेक. छापा आला तर डावीकडच्या पट्ट्याला औषध. चार प्रकार असतील तर गट चार पट्ट्यांचा होतो. मग चार चिठ्ठ्या, आणि प्रत्येक गटाला त्या पुन्हा कालवायच्या. एकाआड एक पट्टा देणं हे यादृच्छिक वाटप नव्हे. जमिनीचा उतार डावीकडून उजवीकडे असेल तर एकच प्रकार प्रत्येक जोडीत वरच्या अंगाला बसतो. नाणं तीनदा सलग छापा पडलं म्हणून पुन्हा उडवायचंही नाही. हे तत्त्व शेतातूनच आलं आहे. इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेड केंद्रात १८४३ पासूनच्या खतांच्या प्रयोगांचे आकडे पडून होते. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर तिथे रुजू झाले आणि पुनरावृत्ती, यादृच्छिक वाटप व स्थानिक नियंत्रण (म्हणजे गट पाडणं) ही त्रयी त्यांनी तिथल्या कामातून उभी केली. नाणेफेकीचं काम निःपक्षपाती दिसणं एवढंच नाही. आपल्याला माहीत नसलेले जमिनीतले फरकही ती दोन्ही बाजूंना योगायोगाने वाटते, आणि योगायोगाचा हिशोब मांडता येतो.

किटचा हिशोब आता गुंठ्यावर करा. एकरी १ लिटर द्रावण असेल तर गुंठ्याला २५ मिली, ५ लिटर पाण्यात. मापायला औषधाचं झाकण नको, मेडिकलमध्ये मिळणारी सिरिंज घ्या. पंप आधी साध्या पाण्याच्या पट्ट्यांवर चालवा, मग औषधाच्या. उलट केलंत तर टाकीच्या तळाचं औषध नियंत्रणाला जातं. फवारणीच्या दिवशी वारा असेल तर काम पुढे ढकला. खुंट्यांवर फक्त १ ते १२ आकडे लिहा. कोणत्या आकड्याला काय दिलं ती यादी अशा माणसाकडे द्या जो पुढे मोजणार नाही. डेमोचा फलक लावायचाच असेल तर रानाच्या तोंडाशी लावू द्या, पट्ट्यावर नको. मोजणाऱ्याला ‘हा औषधाचा’ हे कळलं की काठावरचा फुटवा औषधाच्या बाजूला मोजला जातो. तो लबाडी करत नसतो. मोजणी अशीच घसरते.

मोजणीत जाणारे टन

शिवारफेरीचा आवडता कार्यक्रम म्हणजे दहा फूट सरीतले ऊस मोजून एकरी टनेज सांगणं. साडेचार फुटी सरीत एकराला ९,६८० फूट सरी बसते. म्हणजे दहा फुटांतला एक ऊस एकरात ९६८ ऊस होतो. उसाचं वजन दीड किलो धरलं तर एका उसाच्या फरकाला एकरी जवळजवळ दीड टन. ४१ ऐवजी ४४ मोजले की ४.४ टन ‘वाढले’. आणि दहा फुटांची सुरुवात कुठून करायची हे मोजणाराच ठरवतो. टेप दोन फूट सरकवला की दोन ऊस इकडचे तिकडे होतात.

लहान चौकटीची ही खोड जुनी आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणीच्या सर्वेक्षणांवर काम करताना दाखवलं की कापणीची चौकट फार लहान असली तर उत्पादनाचा अंदाज फुगतो, कारण कडेवरची रोपं आत धरली जातात आणि लहान चौकटीला कड जास्त असते. आजच्या पीक कापणी प्रयोगात बऱ्याच पिकांना १० मीटर × ५ मीटरचा प्लॉट घेतात. डेमोवाल्यांनी निदान इतपत तरी शिकावं. वि. गो. पानसे आणि सुखात्मे यांचं १९५४ सालचं संख्याशास्त्राचं पुस्तक कृषी पदवीधर अजून वापरतात, तेव्हा केंद्राच्या माणसाला हे ऐकून तरी माहीत असायला हरकत नाही.

म्हणून मोजायचं ते वजन, आणि तेही कडा सोडून. सहापैकी बाहेरच्या दोन सऱ्या सोडा, कारण शेजारच्या पट्ट्याची मुळं आणि सावली तिथे पोचते. ४० फुटांतले दोन्ही टोकांचे ३-३ फूट सोडा. उरला चार सऱ्यांचा १८ × ३४, म्हणजे ६१२ चौरस फुटांचा निव्वळ प्लॉट. त्याचं वजन ७१.२ ने गुणलं की एकरी वजन. ८०० किलो भरले तर एकरी ५७ टन. पट्टा आख्ख्या सरीचा असेल तरी वजनासाठी हाच ३४ फुटांचा तुकडा घ्या आणि जोडीतल्या दोन्ही पट्ट्यांत तो एकाच रेषेत ठेवा. कुठल्या रेषेत, हे लागणीच्या वेळीच ठरवा, ऊस बघून नको.

कारखान्याचा काटा इथे चालत नाही, कारण ट्रॉलीत सगळे पट्टे एकत्र होतात. तिवई आणि १०० किलोचा टांगता डिजिटल काटा भाड्याने आणा. सुरू करण्याआधी ५० किलोची सीलबंद डीएपीची गोणी टांगून काटा तपासा. १० किलोची चूक म्हणजे एकरी ७०० किलो, हे डोक्यात असू द्या. एका जोडीची तोड एकाच दिवशी, एकाच टोळीकडून. टोळी बदलली की बुडखा किती ठेवला हे बदलतं, आणि तोडलेला ऊस रात्रभर पडला की वजन उतरतं. सगळ्या जोड्या एका दिवसात होत नसतील तर हरकत नाही, पण जोडी अर्धवट सोडून जाऊ नका. वाढं आणि पाचट काढून मोळ्या बांधल्यावरच वजन. साखरेचा अंदाज हवा असेल तर निव्वळ प्लॉटमधून दहा ऊस, हातातला रिफ्रॅक्टोमीटर ऊर्ध्वपातित पाण्यावर शून्याला लावून, आणि प्रत्येक उसाचा बुडखा व शेंडा दोन्हीकडचा रस.

आणखी एक अट आधीच लिहून घ्या: निकाल कोणत्या मापावर लावायचा. केंद्राचा माणूस फुटवे, उंची, जाडी, पानाची रुंदी, कांड्या, मुळ्या, ब्रिक्स (रसाच्या गोडीचं माप) असं सगळं मोजतो आणि ज्यात फरक दिसला त्याचा फोटो लावतो. पाच टक्क्यांच्या कसोटीवर वीस मापं तपासली तर औषधात काही नसतानाही सरासरी एक माप ‘लक्षणीय’ निघणारच. मुख्य माप एकच, एकरी वजन. बाकीची मापं कारण समजून घ्यायला. हुमणीने किंवा रानडुकरांनी पट्टा खाल्ला तर तो धरायचा की सोडायचा हेही आधीच ठरवा, आणि सोडला तर त्याची आख्खी जोडी सोडा.

आकडे हातात आल्यावर

समजा सहा जोड्यांत औषधाचा पट्टा वजा साध्या पाण्याचा पट्टा असा फरक किलोत आला: ३८, उणे १२, ५१, २०, ७, २८. सरासरी २२ किलो, एकरी १.५७ टन. फलकावर हा आकडा झळकेल. पण फरकांचा विखुरलेपणा, म्हणजे प्रमाण विचलन, २२.४ आहे. त्याला सहाच्या वर्गमुळाने, २.४५ ने, भागलं की सरासरीची प्रमाण त्रुटी ९.२ येते. २२ भागिले ९.२ म्हणजे २.४. सहा जोड्यांना, पाच मुक्त मात्रांना, टी-कोष्टकातली ५ टक्क्यांच्या कसोटीची किंमत २.५७. आपली त्याहून कमी. वेगळ्या शब्दांत, खरा फरक एकरी उणे १०० किलोपासून अधिक ३.२ टनांपर्यंत कुठेही असू शकतो. इथून ‘औषध फुकाचं आहे’ असा निष्कर्ष निघत नाही, आणि ‘दीड टन वाढतो’ असाही नाही. निष्कर्ष एवढाच की या प्रयोगावरून सांगता येत नाही.

पैशाच्या भाषेत बघा. पुढे विकत घ्यायचं किट २,५०० रुपये आणि चार वेळची मजुरी १,००० धरली, तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,००० रुपये धरले, तर एकरी १.२ टनाच्या खाली वाढ असेल तर किट तोट्यात. ही रेषा वरच्या ‘उणे १०० किलो ते ३.२ टन’ या टप्प्याच्या आतच पडते. आपापले दर घालून हा हिशोब डेमो घेण्याआधी करावा, कारण किती लहान फरक शोधायचा आहे त्यावर जोड्या ठरतात. प्लॉटांतला आपोआपचा फरक १० टक्के असेल आणि २० टक्क्यांची वाढ पकडायची असेल तर चार पुनरावृत्त्या पुरतात; १० टक्क्यांच्या वाढीला साधारण १६ लागतात, ५ टक्क्यांच्या वाढीला ६४. वाढ निम्मी झाली की प्लॉट चौपट. ५७ टनांच्या उसात १.२ टन म्हणजे जेमतेम २ टक्के. ते एका शेतकऱ्याच्या रानात दिसणं शक्यच नाही, मांडणी कितीही चोख असो.

या सेवेतली खरी हळहळ इथे आहे. केंद्र एका हंगामात कितीतरी गावांत डेमो घेतं. प्रत्येक डेमोत दोनच पट्टे असते, औषध कुठल्या पट्ट्याला द्यायचं ते नाण्याने ठरलं असतं आणि दोन्हींचं निव्वळ वजन झालं असतं, तर प्रत्येक रान म्हणजे एक गट झाला असता आणि दोन-तीन हंगामांत कृषी विद्यापीठालाही हेवा वाटावा असा प्रयोग उभा राहिला असता: मळीची, मुरमाड, चोपण, सगळ्या जमिनींवरचा. खर्च वाढला असता तो काट्याच्या भाड्याचा. आज मात्र केंद्राकडे साठतात ते फोटो, आणि तेही डेमो चांगला आलेल्या रानांचे. जिथे आला नाही तिथे शिवारफेरीच होत नाही, ही गोष्ट फलकावर लिहिलेली नसते. पाहुण्या शेतकऱ्याने शिवारफेरीत एवढंच विचारावं: यंदा एकूण डेमो किती घेतले, आणि त्यातल्या किती ठिकाणी वजन झालं?

आमचं गुणपत्रक असं. वापराचं मार्गदर्शन: दहापैकी आठ. दोन गुण कापले ते ठिबकवर आळवणीचं पाणी मोजून न दिल्याबद्दल. माल आणि बिल: आठ. पुरावा म्हणून डेमो: दोन, आणि तेही नियंत्रणाची निदान कल्पना आहे म्हणून. विनंती केल्यावर केंद्र नाणेफेक आणि साध्या पाण्याचे पट्टे मान्य करतं. लेबल झाकून द्यायला आणि वजनाला थांबायला मात्र तयार होत नाही, तेव्हा ते काम शेजारच्या दोन जाणत्या शेतकऱ्यांवर सोपवा. मांडणी प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायची असेल तर पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावर किंवा हळदीसाठी कसबे डिग्रजच्या केंद्रावर जाऊन प्लॉटांच्या पाट्या वाचा. तिथे प्रकार गटागटांत वेगवेगळ्या क्रमाने का लावलेत हे वर वाचलेल्याला लगेच उमगेल.

खोडव्याला (तोडीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या उसाला) केंद्र पुन्हा किट देऊ करतं. घेतलंत तर पट्टे बदलू नका. ज्याला लागणीत औषध होतं त्यालाच खोडव्यातही द्या, नाहीतर मागचं उरलेलं आणि नवं यांची सरमिसळ होते. तोडणीत खुंट्या उखडतात आणि पाचट कुट्टी केल्यावर कोणता पट्टा कुठला ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून पट्ट्यांच्या हद्दी बांधावरच्या दगडांवर ऑइल पेंटने रंगवून ठेवा आणि बांधापासूनची अंतरं वहीत फुटांत लिहा.